आयआरच्या मास्टर्सला कॉलेजचं नाव किती बघायचं? लंडनची सीट सोडली त्याची गोष्ट

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचं (एलएसई) इंटरनॅशनल रिलेशन्सचं, म्हणजे आयआरचं, ऑफर लेटर मेलमध्ये पडलेलं असताना मी दिल्लीला जेएनयूत गेले, यावरनं आमच्या भावकीत अजून दोन गट आहेत. एका गटाला वाटतं पोरीनं डोकं चालवलं, दुसऱ्याला वाटतं पैसे नव्हते म्हणून गप बसली. दोन्हीत थोडं थोडं खरं आहे. आता शेवटचं सेमिस्टर चालू आहे आणि सांगली-मिरजेकडनं कुणी ना कुणी मेसेज करतंच, ताई आयआर करायचंय, रँकिंग किती बघू, ब्रँड किती महत्त्वाचा. दरवेळी तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहिते. मोठं होणार आहे.

आमचं घर तासगाव तालुक्यात, द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. बीए राज्यशास्त्र सांगलीत, डिग्री शिवाजी विद्यापीठाची. नंतर एका द्राक्ष एक्सपोर्टरच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशनला लागले. फायटो सर्टिफिकेट (मालाला कीड-रोग नाही याचा दाखला), रेसिड्यू रिपोर्ट (औषधांचे अंश किती त्याचा), ग्रेपनेट या निर्यातीच्या सरकारी पोर्टलवरची नोंद, पॅकिंग लिस्ट, कंटेनर नंबर, सगळं एकमेकांशी जुळलं की गाडी न्हावा शेव्याला आणि तिथनं रॉटरडॅमला. आयआरचं खूळ डोक्यात शिरलं ते तिथंच. २०१० ला क्लोरमेक्वाटचे, म्हणजे आपल्याकडं ज्याला लिहोसिन म्हणतात त्याचे अंश सापडले म्हणून युरोपात द्राक्षाचा माल अडकला होता, मी तेव्हा शाळेत होते पण पप्पा तो सीझन अजून विसरलेले नाहीत. युरोपियन युनियनच्या ब्रसेल्समध्ये कुणीतरी बसून एक आकडा ठरवतो आणि इकडं मणेराजुरीत सोसायटीचा हप्ता थकतो, हे मला कुठल्याही पुस्तकाच्या आधी कळलं होतं. त्यात २०२३ च्या शेवटी येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, जहाजं सुएझ सोडून आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, ऐन सीझनमध्ये माल दोन-दोन आठवडे उशिरा पोचायला लागला, भाडं वाढलं ते वेगळंच. नेमके तेव्हाच मी अर्ज भरत होते. एसओपीत, म्हणजे हे का शिकायचंय ते सांगणाऱ्या अर्जातल्या निबंधात, दुसरं काही लिहायची गरजच पडली नाही.

तर कॉलेजची यादी. सुरुवात सगळे करतात तशीच, नेटवर शोधलं टॉप आयआर स्कूल्स. जॉर्जटाऊन, जॉन्स हॉपकिन्सचं साइस, टफ्ट्सचं फ्लेचर, कोलंबियाचं सिपा, इकडं लंडनचं एलएसई आणि किंग्ज, पॅरिसचं सायन्सेस पो, जिनिव्हाचं ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूट. ही नावं सांगलीत कुणाला सांगून बघा. ऑक्सफर्ड-हार्वर्ड म्हटलं तर गोष्ट वेगळी, पण ही ऐकून समोरचा माणूस 'हां हां' म्हणतो आणि विषय बदलतो. पण या क्षेत्रातल्या माणसासमोर फ्लेचर म्हटलं की त्याच्या भुवया वर जातात. आणि उलटंही आहे. वेल्समध्ये ॲबरिस्टविथ म्हणून समुद्रकाठचं एक छोटंसं गाव आहे, तिथल्या विद्यापीठात १९१९ ला आयआरचा जगातला पहिला विभाग निघाला, या विषयातले मोठे अभ्यासक ई. एच. कार तिथं प्राध्यापक होते, म्हणजे हा विषय जिथं जन्मला ती जागा. पण क्यूएस म्हणून विद्यापीठांचं जे जागतिक रँकिंग आहे त्याच्या एकूण यादीत ते विद्यापीठ इतकं खाली आहे की नुसतं रँकिंग बघणारा माणूस तिथपर्यंत स्क्रोलच करणार नाही. तेव्हाच मला शंका यायला लागली की 'चांगलं नाव' ही एकच गोष्ट नाहीये, कुणाकडं चांगलं ते विचारायला पाहिजे.

अमेरिकेचं गणित आधी संपवते कारण ते लवकर संपलं. तिथल्या मोठ्या स्कूल्सची फीच वर्षाला साठ हजार डॉलरच्या आसपास, कोर्स दोन वर्षांचा, राहणं-खाणं वेगळं. बरं पैशाचं बाजूला ठेवू. वॉशिंग्टनमधल्या स्कूल्सचा जो दबदबा आहे त्यातला मोठा भाग तिथली पोरं अमेरिकेच्या सरकारी नोकरीत जातात त्यावर उभा आहे, परराष्ट्र खातं, संरक्षण खातं, गुप्तचर संस्था. तिथं अमेरिकन नागरिक लागतो. म्हणजे ज्या दाराच्या जोरावर त्या डिग्रीचा भाव, ते दार आपल्याला बंदच. प्लेसमेंट रिपोर्टमध्ये 'पब्लिक सेक्टर' असा मोठा तुकडा दिसतो ना, त्यात आपण कुठं बसतो ते बघायचं. शिवाय डिग्री स्टेम, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणितातली, नसेल तर ओपीटी, म्हणजे शिकून झाल्यावर तिथं काम करायची परवानगी, एकच वर्ष. फॉरेन पॉलिसी मासिकाचं जे रँकिंग सगळे शेअर करतात ते आयआर शिकवणाऱ्या प्राध्यापकांना विचारून काढलेलं असतं. प्राध्यापकांचं मत चांगलंच असणार, पण भारतीय पासपोर्टवाल्या पोरीला तिथनं नोकरी लागते का हा प्रश्न त्यात कुणी विचारलेलाच नसतो.

सांगलीतल्या एका कन्सल्टन्सीतही जाऊन आले, नाव नको. एसी केबिन, भिंतीवर बिग बेनचं पोस्टर. मॅडमनी माझं एसओपी न वाचताच मला इंग्लंडमधल्या पाच युनिव्हर्सिटी काढून दिल्या, सगळ्या म्हणे हाय रँकिंग. कुठलं रँकिंग विचारलं तर म्हणाल्या स्टुडंट सॅटिस्फॅक्शनमध्ये. नंतर कळलं त्या पाचही जणांशी यांचं कमिशनचं टायअप. आमच्याकडनं फी घेत नव्हत्या ते उगाच नाही.

आता खरा मुद्दा, पैसा. कारण माझ्या मते नावाची किंमत तिथंच ठरते, ते नाव विकत कोण घेतंय त्यावर. पहिलं मी स्कॉलरशिप बघितल्या. सारथीची, म्हणजे मराठा-कुणबी पोरांसाठीच्या राज्य सरकारच्या संस्थेची, परदेशी शिष्यवृत्ती आहे, तिला अट काय तर विद्यापीठ क्यूएस जागतिक रँकिंगमध्ये दोनशेच्या आत पाहिजे. ठीकय म्हटलं. मग सायन्सेस पो बघितलं. राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय अभ्यास या विषयाच्या क्यूएस यादीत ते जगात पहिल्या पाचात, आणि एकूण यादीत तीनशेच्याही पुढं, कारण तिथं ना मेडिकल ना इंजिनिअरिंग, लॅबमधनं निघणारे पेपर कुठनं आणणार. म्हणजे विषयात जगात एक नंबरच्या जवळ आणि आपल्या सरकारी अर्जात अपात्र. आणि ज्या विद्यापीठाचा आयआर विभाग कुणाला माहीतही नाही पण हॉस्पिटल आणि इंजिनिअरिंग जोरात आहे, ते पात्र. त्याउलट ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती रँकिंग विचारतच नाही, तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि कोर्स झाल्यावर दोन वर्षं परत मायदेशी येऊन राहावं लागतं. माझी दोन वर्षं तेव्हा भरत नव्हती, त्यामुळं तो कागद बाजूला. सांगायचं काय, की स्कॉलरशिप आधी ठरवा आणि मग कॉलेजची यादी करा. सगळे उलट करतात.

दुसरं, बँक. हा प्रसंग जरा सविस्तर सांगते. पप्पा आणि मी फाईल घेऊन गेलो, सातबारा, आठ-अ, बागेचं व्हॅल्युएशन, सगळं. साहेबांनी सातबारा बघितला आणि फाईल आमच्याकडं सरकवली. शेतजमीन एज्युकेशन लोनला तारण चालत नाही, एनए प्लॉट किंवा घर पाहिजे, घराचा सिटी सर्वेचा उतारा पाहिजे. पप्पांना पटेना. बागेची किंमत साहेबांच्या फ्लॅटपेक्षा जास्त, ती कशी चालत नाही. बरं बिनतारणाचं काय, तर साडेसात लाख. त्याच्या वर पाहिजे तर बँकेची एक यादी असते, प्रीमियर इन्स्टिट्यूटची, त्यात कॉलेज असलं तर वेगळा विचार. साहेबांनी स्क्रीन आमच्याकडं फिरवली आणि बोट लावत खाली खाली गेले. एलएसई सापडलं. जिनिव्हा सापडलं नाही. ॲबरिस्टविथ तर त्यांनी मला स्पेलिंग विचारलं, दोनदा. तेव्हा लक्षात आलं की बँकेसाठी प्रेस्टीज म्हणजे त्या एक्सेल शीटमधली ओळ, बाकी तुमच्या प्रोफेसरनं किती पुस्तकं लिहिली त्याच्याशी देणंघेणं नाही.

एलएसईचा हिशोब असा. तेव्हा फी तीस हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे एकतीस-बत्तीस लाख. लंडनमध्ये राहायचं म्हणून व्हिसाला महिना १,३३४ पौंडांप्रमाणे नऊ महिन्यांचे दाखवायला लागायचे, ते झाले १२,००६ पौंड. विमान, डिपॉझिट, हेल्थ सरचार्ज धरून पंचेचाळीस लाखांच्या खाली काही येईना. दहा वर्षांचं कर्ज अकरा टक्क्यानं धरलं तर हप्ता बासष्ट हजार. दिल्लीतल्या थिंक टँकमध्ये, म्हणजे धोरणांवर अभ्यास करणाऱ्या संस्थेत, नवीन लागलेल्या पोराचा पगार बघा, बहुतेक जागी तो आख्खा हप्त्यात जातो. मग लंडनमध्येच राहायचं म्हणाल, तर कोर्सनंतर दोन वर्षांचा ग्रॅज्युएट रूट, म्हणजे तिथं राहून काम करायचा व्हिसा, होता, पण त्याच वर्षी, एप्रिल २०२४ पासून, पुढच्या स्किल्ड वर्कर व्हिसाची किमान पगाराची साधारण मर्यादा २६,२०० पौंडांवरनं ३८,७०० वर नेली. नवख्यांना थोडी सूट असते, तरी रिसर्च असिस्टंटला एवढा पगार देऊन वर स्पॉन्सर करणारे किती असणार. माझ्या ऑफरची मुदत आणि ही बातमी एकाच वेळी डोक्यावर.

मध्येच शिफारसपत्रांचं सांगून टाकते कारण आपल्याकडच्या पोरांचं इथं हमखास अडतं. आमच्या सरांना विनंती केली तर त्यांची ठरलेली पद्धत, तूच लिहून आण, मी सही करतो. बाहेरच्या पोर्टलला तसं चालत नाही, लिंक सरांच्या ईमेलवर जाते, आणि ईमेल कॉलेजचा अधिकृत लागतो. सरांचा जीमेल, तोसुद्धा मुलानं काढून दिलेला. शेवटी कॉलेजच्या ऑफिसमधनं सरांना अधिकृत आयडी काढून घेतला, स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारी बसून पासवर्ड सेट केला आणि मग सरांनी स्वतः मराठीत सांगितलं, माझ्याबद्दल त्यांना खरंच काय वाटतं ते, आणि इंग्रजीच्या मॅडमनी ते नीट करून दिलं. त्यात एक वाक्य होतं की ही मुलगी डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना) शिकवताना मला द्राक्षाच्या रेसिड्यूचं विचारते आणि मला उत्तर येत नाही. सर, वाचत असाल तर, ऑफर त्या वाक्यानं आली असं माझं अजून मत आहे.

इकडं भारतात काय आहे तेही बघितलं होतं. पुण्यात सिम्बायोसिसचं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज, सोनीपतला जिंदाल, कोलकात्याला जादवपूर, दिल्लीत साउथ एशियन युनिव्हर्सिटी आणि जेएनयू. जेएनयूचं स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज मूळचं १९५५ चं, दिल्लीतल्या सप्रू हाऊसमध्ये सुरू झालेली वेगळी संस्था, १९७० ला जेएनयूत आली. प्रवेश सीयूईटी पीजी या देशभरच्या प्रवेश परीक्षेतनं, बरोबर उत्तराला चार मार्क, चुकलं तर एक वजा. ट्युशन फी वर्षाची काही शे रुपये. शे, हजार नाही. पप्पांनी हे वाक्य मला परत म्हणायला लावलं होतं. मार्चमध्ये कोल्हापूरला जाऊन परीक्षा देऊन आले आणि यादीत नाव लागलं.

मग घरात सभा. आईचा पहिला प्रश्न, "जेएनयू म्हणजे ते टीव्हीवरचं न्हवं?" आत्याला तर वाटलं मी आता मोर्च्यातच दिसणार. म्हणजे बघा, दिल्लीत या विषयात ज्या नावाला सगळ्यात जास्त मान, त्याच नावाला आमच्या सोप्यात सगळ्यात कमी मार्क. मी सांगितलं, परराष्ट्रमंत्री जयशंकर यांची पीएचडी तिथलीच आहे, आयआरचीच. त्यावर पप्पा जरा सावरून बसले. आणि मग अण्णा, म्हणजे पप्पांचे मोठे भाऊ, त्यांनी त्यांचं हुकमी पान काढलं. "आगं, यशवंतराव आपल्या देवराष्ट्र्याचे. बीए कोल्हापूरला, वकिली पुण्याला. झालेच की परराष्ट्रमंत्री. ते कुठं लंडनला गेलते शिकाय?" मी म्हटलं अण्णा, ते १९७४ ला परराष्ट्रमंत्री झाले तोवर मुख्यमंत्री, संरक्षणमंत्री, गृहमंत्री, अर्थमंत्री सगळं होऊन बसले होते, मला एवढा वेळ नाही. सगळे हसले आणि तिथंच विषय जवळजवळ मिटला. पण दादा, माझा चुलतभाऊ, पुण्यात आयटीत आहे, तो एकटा शेवटपर्यंत म्हणत होता की एलएसई आयुष्यात एकदाच येतं, कर्ज काय सगळेच काढतात. त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. इंजिनिअरला निदान कोडिंग येतं की नाही ते समोर बसवून तपासता येतं. आयआरवाल्याला काय येतं ते तपासायचं कसं, म्हणून समोरचा कॉलेजचं नाव वाचतो. या विषयात नावाला उगाच एवढा भाव नाही.

दोन वर्षं दिल्लीत काढल्यावर जे दिसलं ते असं. यूपीएससीला तुमच्या मास्टर्सशी काहीही घेणं नाही, मान्यताप्राप्त विद्यापीठाची कुठलीही पदवी चालते, आयएफएसचं, म्हणजे परराष्ट्र सेवेचं, स्वप्न असेल तर पंचेचाळीस लाखांची डिग्री हा त्या रस्त्यातला गाव नाही. आपल्या भागातले अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे आयएफएसमध्ये गेले, न्यूयॉर्कला कॉन्सुल जनरल झाले, कोल्हापुरात शिकलेला माणूस. संयुक्त राष्ट्रांच्या नोकरीलासुद्धा मास्टर्स लागतं, पण अर्जात विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे का ते बघतात, रँक नाही. थिंक टँकमध्ये मात्र नाव चालतं, पण कसं, तर मुलाखतीला बोलावण्यापुरतं. त्यानंतर ते लेखनाचा नमुना मागतात आणि तिथं खेळ बदलतो. लंडन, सिंगापूरच्या पोलिटिकल रिस्क (धंद्यांना राजकीय धोके सांगणाऱ्या) कंपन्या, मोठ्या कन्सल्टन्सी, इथं मात्र नाव नसेल तर बहुतेक वेळा अर्ज उघडतच नाहीत असा माझा अनुभव, दोन-तीन ठिकाणी साधं रिजेक्शनचं मेलही आलं नाही. माझ्याच बरोबर एलएसईचं ऑफर आलेली एक मुलगी गेली, घरचं बरं होतं, ती आता ब्रसेल्समध्ये आहे, चांगलं चाललंय. तिचं दार त्या नावानंच उघडलं, ती स्वतः सांगते. पीएचडीचं अजून वेगळं, तिथं विभागापेक्षा गाईड कोण ते विचारतात. आमच्याकडं द्राक्षाच्या पेटीवरचा ब्रँड बघणारं गिऱ्हाईक वेगळं आणि पोर्टवर रेसिड्यू रिपोर्ट बघणारा अधिकारी वेगळा, तसंच आहे हे, तुम्हाला दोघांपैकी कुणाच्या टेबलावर जायचंय ते आधी ठरवा.

आणि शहर. याबद्दल कुठल्याच रँकिंगमध्ये नीट लिहिलेलं नसतं. सप्रू हाऊसमध्ये व्याख्यानाला जाऊन बसता येतं, मागच्या रांगेत बसून राजदूतांना प्रश्न विचारता येतो, संरक्षणविषयक अभ्यास करणाऱ्या मनोहर पर्रीकर संस्थेच्या कार्यक्रमात ओळख होते, तिथनं इंटर्नशिपचं कळतं. मला माझी इंटर्नशिप अशीच मिळाली, चहाच्या टेबलाशी, मी युरोपियन युनियनच्या रेसिड्यू मर्यादांवर बोलत होते आणि शेजारचे गृहस्थ व्यापार धोरणावर काम करणारे निघाले. सांगलीत बसून हे झालं नसतं, सोनीपतला थोडं अवघड गेलं असतं. वॉशिंग्टन, लंडन, जिनिव्हा यांच्या नावामागं निम्मं शहरच आहे. (जाता जाता, जेएनयूत मुलींच्या एका होस्टेलचं नाव कोयना आहे. आईला हे सांगितल्यावर तिचा निम्मा विरोध मावळला.)

कॉलेज तपासायची माझी एकच पद्धत आहे आणि ती फुकट आहे. लिंक्डइनवर त्या कोर्सचं नाव टाकायचं, गेल्या चार-पाच वर्षांत पास झालेले भारतीय काढायचे, आणि पहिली नोकरी न बघता तिसऱ्या वर्षी काय करतायत ते बघायचं. पहिली नोकरी बऱ्याचदा विद्यापीठातच पार्टटाइम असते आणि वेबसाइटवर तीच मिरवतात. मग त्यातल्या दोन-तीन जणांना सरळ लिहायचं, नमस्कार, मी अमुक, कर्ज काढून येऊ का. असं स्पष्ट विचारलं की लोक खरं सांगतात. मला एकानं तर आख्खा ईएमआयचा तक्ता पाठवला होता.

परवा मिरजेचा एक ज्युनिअर फोनवर होता, त्याला नेदरलँड्सच्या लायडनची आणि जिंदालची अशा दोन्ही ऑफर आहेत, आणि घरचे म्हणतात ज्याचं रँकिंग वर तिथं जा. त्याला विचारलं तुला पुढं काय करायचंय, तर म्हणाला आधी आयएफएसचा प्रयत्न. मी त्याला अण्णांचा यशवंतरावांचा डायलॉग ऐकवला, हसला, पण पटलेलं नाही. दोन्ही कॉलेजांच्या माजी विद्यार्थ्यांना लिहायला सांगितलंय, दोघांचं अजून उत्तर नाही, तिसऱ्यानं 'रविवारी फोन कर' म्हणून नंबर पाठवलाय. डिपॉझिट भरायची मुदत पुढच्या शुक्रवारी आहे.